यंत्र भरत नाही, की पाणी उतरत नाही?

कपडे धुण्याचे यंत्र घरात आले की पहिले पंधरा दिवस त्याचे कौतुक चालते. शेजारणी येतात, झाकण उघडून आत डोकावतात आणि “तुमचं बाई बरं आहे!” असे म्हणून जातात. पुढे केव्हातरी यंत्राची चाल मंदावते. अर्ध्या तासात उरकणारे धुणे दीड तास रेंगाळते. यंत्र मध्येच थांबून लाल दिवा लुकलुकवते. आत पाहावे तर कपडे नुसतेच ओलसर आणि पाण्याची धार शिवणाच्या दोऱ्याएवढी! मग घरात एकच निदान होते: “यंत्र बिघडलं.” मेकॅनिक येतो, पैसे घेतो, आणि चार दिवसांनी धार पुन्हा दोऱ्यावर येते. तोवर घरच्या बाईचे हात मात्र पुन्हा धुण्याच्या दगडाला लागलेले असतात.

बीड, अंबाजोगाई, गेवराई, माजलगाव अशा गावांतून ही तक्रार नित्याची आहे. मौज अशी की पुष्कळदा यंत्र अगदी ठणठणीत असते. बिघाड असतो तो पाण्याच्या वाटेत.

दार कोण उघडते?

यंत्राच्या पाठीमागे, नळी जोडतात तेथे, विजेवर चालणारा एक व्हॉल्व्ह असतो. आपली समजूत अशी की बटण दाबले की वीज त्याचे दार उघडते. प्रत्यक्षात बहुतेक यंत्रांत वीज एक बारीक छिद्र तेवढे मोकळे करते. आतला रबरी पडदा उचलून मोठी वाट उघडण्याचे काम पाणी स्वतःच्या दाबाने करते. दाब पुरेसा असला तर पडदा पुरता उचलला जातो. दाब कमी पडला तर तो अर्धवट उघडतो, आणि आधीच अशक्त असलेली धार आणखी अशक्त होते.

हा दाब येतो उंचीतून. १० मीटर उंचीच्या पाण्याचा दाब दर चौरस सेंटिमीटरला सुमारे १ किलो भरतो. पुष्कळ यंत्रांना याच्या तिसऱ्या हिश्श्यापासून निम्म्यापर्यंत तरी दाब लागतो. म्हणजे टाकीतले पाणी यंत्राच्या जोडणीपेक्षा तीन ते पाच मीटर वर हवे.

आता आपल्याकडचे एकमजली घर घ्या. स्लॅब जमिनीपासून दहा फूट, यंत्राची जोडणी तीन फुटांवर. टाकी थेट स्लॅबवर ठेवलेली. उरले सात फूट! टाकी काठोकाठ असली तर आणखी तीन फूट मिळतात आणि कसेबसे काम भागते. नळाला पाणी काही दिवसांआड येते, तसतशी टाकी उतरते आणि उंचीही उतरते. म्हणून नळाच्या दिवशी यंत्र झपाट्याने भरत असेल आणि चौथ्या दिवशी रडत असेल, तर मेकॅनिकला बोलावू नका. दोष टाकीच्या उंचीत आहे.

बादलीची परीक्षा

याची खात्री घरच्या घरी होते. प्रथम यंत्राचा प्लग काढावा. ओल्या हाताने विजेशी खेळ नको. नळ बंद करून यंत्राकडची नळी सोडवावी. स्टुलावर बादली ठेवून नळीचे तोंड यंत्राच्या जोडणीइतक्याच उंचीवर धरावे आणि नळ पूर्ण सोडावा. नळी खाली जमिनीपर्यंत सोडली तर उंचीचा फरक वाढतो, पाणी उगाच जोरात येते आणि निदान चुकते. पंधरा लिटरची बादली दीड-दोन मिनिटांत भरली तर पाण्याची वाट मोकळी आहे, दोष यंत्राच्या तोंडाशी शोधावा. पाच-सहा मिनिटे लागली तर यंत्राला बोल लावण्यात अर्थ नाही.

तोंडाशी अडलेले पाणी

नळी जोडण्याच्या जागी आत एक लहानशी जाळी बसवलेली असते. कित्येक घरांत ती कधी कोणी पाहिलेलीच नसते! टँकरच्या पाण्यातला गाळ, टाकीतले शेवाळ, पाइपातला गंज हे सगळे तेथे येऊन बसते. जाळी पक्कडीने हलकेच ओढून काढावी, जुन्या दातांच्या ब्रशाने घासावी आणि पुन्हा बसवावी. “फार कचरा येतो” म्हणून ती काढून टाकणारे महाभाग असतात. मग तोच कचरा व्हॉल्व्हच्या पडद्याखाली जाऊन अडकतो.

बोअरच्या पाण्याची गोष्ट वेगळी. आपला जिल्हा काळ्या खडकाचा. त्या खडकातून येणारे पाणी बरोबर चुना आणि इतर क्षार घेऊन येते. जाळीवर पांढरा थर धरला असेल तर ती लिंबाच्या रसात किंवा व्हिनेगरमध्ये तासभर भिजत ठेवावी. हाच थर जुन्या लोखंडी पाइपातही साचतो. पाइपाचे भोक निम्मे झाले की पाणीही निम्मे होते असे नाही. ते त्याच्याही कितीतरी खाली जाते. असा पाइप बदलण्यावाचून गत्यंतर नाही.

शिवाय यंत्र भिंतीला सरकवताना नळी चेमटली आहे का, तेही पाहावे. सांडपाण्याची नळीही तपासावी. पंपाने पाणी बाहेर टाकणाऱ्या यंत्रात ती फार खाली पडलेली असेल, तर एकीकडून पाणी भरते आणि दुसरीकडून निघून जाते. अर्धस्वयंचलित यंत्रात निचऱ्याच्या झडपेत दोरा किंवा गुंडी अडकली तरी तीच अवस्था होते.

उपाय

टाकी चार-पाच फूट उचलणे हा सर्वांत खात्रीचा उपाय. मात्र हजार लिटर पाणी म्हणजे एक टन वजन! ओटा किंवा लोखंडी घोडा स्लॅबच्या मधोमध उभारू नये. खाली भिंत किंवा तुळई असेल तेथेच, गवंड्याला विचारून उभारावा. टाकीपासून यंत्रापर्यंत स्वतंत्र आणि जरा मोठा पाइप आणावा, वळणे कमी ठेवावीत. कमी दाबावर उघडणारे व्हॉल्व्हही मिळतात. टाकीच्या पुढे दाब वाढवणारा लहान पंप बसवता येतो; पण तो नगरपालिकेच्या नळाला थेट जोडू नये. त्याने शेजाऱ्याच्या वाटचे पाणी ओढले जाते, आणि फुटक्या पाइपातून गटाराचे पाणीही आत येते.

उताराचे हे शास्त्र बीडकरांना नवीन नाही. सोळाव्या शतकात, निजामशाहीच्या अमदानीत, बीड शहराजवळ खजाना विहीर बांधली गेली. तिचे पाणी भुयारी कालव्यांतून निव्वळ उताराच्या बळावर शेतांपर्यंत नेलेले आहे. मोट नाही, पंप नाही. बांधणाऱ्यांनी आधी उंची मोजली आणि मग पाण्याला वाट दिली. आपण आधी यंत्र आणतो आणि उंचीचा विचार लाल दिवा लागल्यावर करतो!

आणखी एक गोष्ट. एप्रिल २०१६ मध्ये शेजारच्या लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले होते. पहिल्या गाडीत पाच लाख लिटर होते. अशा मुलखात यंत्र एका धुण्याला पन्नास-शंभर लिटर पाणी घेते, तेव्हा शेवटच्या खळबळण्याचे पाणी गटारात सोडणे परवडत नाही. ती नळी बादलीत सोडा. फरशी पुसायला आणि संडासाला ते पाणी उत्तम चालते. जाळी महिन्यातून एकदा धुवा. आणि यंदा दिवाळीच्या साफसफाईत भिंतींना रंग देण्याआधी एकवार जिना चढून टाकी किती उंचीवर आहे ते पाहून या.