डॉक्टरांनी विचारलेला एक प्रश्न

बँकेत असताना माझ्या टेबलावर ॲश-ट्रे असे आणि त्यात कोणालाच काही वावगे वाटत नसे. सर्दी-खोकला, पाठदुखी, रक्तदाब अशा कारणांनी त्या वर्षांत किती वेळा दवाखान्यात गेलो असेन; कोणी विचारले नाही, मीही सांगितले नाही. शेवटी विचारले ते दातांच्या डॉक्टरांनी. दाढ काढायची होती. "सिगारेट किती ओढता? दाढ काढल्यावर तीन दिवस बंद, नाहीतर जखम भरायची नाही. तीन दिवस जमले, तर पुढच्या वेळी चौथ्याचे बोलू." सिगारेट पूर्ण सुटायला त्यानंतर दोन वर्षे आणि तीन प्रयत्न लागले, पण सुरुवात तिथली.

एवढ्याशा बोलण्याने खरेच फरक पडतो का? १९७९ साली 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मध्ये लंडनच्या २८ फॅमिली डॉक्टरांकडची पाहणी छापून आली. ज्यांना काहीच सांगितले नव्हते, त्यांच्यात पहिल्या महिन्यात सिगारेट सोडून वर्षभर टिकलेले ०.३ टक्के. डॉक्टरांनी मिनिट-दोन मिनिटे समजावून, पत्रक देऊन 'पुन्हा विचारणार आहे' असे सांगितलेल्यांत ५.१ टक्के. शंभरात पाच म्हणजे किरकोळ वाटेल. पण गुंतवणूक दोन मिनिटांची आहे, आणि एका डॉक्टरांकडे वर्षाला किती पेशंट येतात याचा हिशेब आपणच करा!

आपल्याकडे २०१६-१७च्या राष्ट्रीय पाहणीत, डॉक्टरांकडे जाऊन आलेल्या धूम्रपान करणाऱ्यांपैकी ४८.८ टक्के लोकांना 'सोडा' असा सल्ला मिळाला होता. तंबाखू खाणाऱ्यांत हे प्रमाण ३१.७ टक्केच. तंबाखू मळणारा स्वतःला व्यसनी समजतच नाही, मग सांगणार कशाला?

सल्ल्यानंतर मदतही लागते. निकोटिनचे च्युइंगम मिळते, पण ते पानासारखे चघळायचे नसते. थोडे चावायचे, जीभ चुरचुरली की गाल आणि हिरडीच्या मध्ये दाबून ठेवायचे. त्याआधी पंधरा मिनिटे चहा-कॉफी नको, कारण मग निकोटिन तोंडात नीट शोषले जात नाही. आम्हा इंदूरकरांची इथेच पंचाईत. पोहे-चहा झाला की हात खिशाकडे जायचाच. ती तलफ मात्र काही मिनिटांची असते. सुरुवातीचे काही दिवस सर्वांत जड जातात. चिडचिड होते, झोप लागत नाही. डॉक्टर गरजेप्रमाणे गोळ्याही देतात. मध्येच एखादी ओढली गेली, तर ते लपवू नये. पुढच्या भेटीत सांगावे, म्हणजे उपचार बदलता येतो.

घरच्यांना एक विनंती. बाबांना बीपी तपासायला नेता, मोतीबिंदूसाठी नेता, तेव्हा डॉक्टरांसमोर त्यांची चहाडी करू नका. सूनबाई शेजारी बसलेली असली, की दिवसाच्या दहाच्या दोन होतात. दोन मिनिटे बाहेर थांबा आणि त्यांचे त्यांना बोलू द्या. ऑपरेशन ठरले असेल तर हे आधीच सांगायला हवे, कारण काही आठवडे आधी सिगारेट बंद केली तर जखम लवकर भरते आणि छातीचा त्रास कमी होतो.

दवाखान्यात बोलायचा अगदीच संकोच वाटत असेल, तर १८००-११-२३५६ हा सरकारी क्रमांक आहे, फोन मोफत. तो सिगारेटच्या पाकिटावरच छापलेला असतो.