सिसिलियन बचाव : गैरसमज आणि वस्तुस्थिती

पांढऱ्याने राजासमोरचे प्यादे दोन घरे पुढे, ई४वर, नेले आणि काळ्याने त्याला सी५ने उत्तर दिले की सिसिलियन बचाव सुरू होतो. प्रतिहल्ल्याचा बचाव ही त्याची ख्याती खरी आहे. पण त्यावरून काळा पहिल्यापासून पांढऱ्या राजावर तुटून पडतो, असा जो समज होतो तो चुकीचा आहे. मोहरी बाहेर काढण्यात सुरुवातीला पांढराच पुढे असतो आणि पहिला हल्लाही बहुधा तोच चढवतो. काळ्याची कमाई वेगळीच असते. पांढऱ्याने डी४ खेळले की सी५चे प्यादे ते मारते आणि पांढऱ्याचा घोडा त्या प्याद्याला मारतो. या अदलाबदलीत काळ्याचे बाजूचे प्यादे जाते, पांढऱ्याचे मधले. काळ्याकडे डी आणि ई अशी दोन मधली प्यादी उरतात, पांढऱ्याकडे एकच. शिवाय सी फाइल काळ्याच्या हत्तीसाठी मोकळी होते. पुढचा सगळा प्रतिहल्ला या भांडवलावर उभा राहतो.

सी८वरच्या हत्तीने सी३वरचा घोडा मारणे हे या प्रतिहल्ल्याचे अस्सल रूप. मोहऱ्यांच्या हिशेबात तो तोटाच. पण हत्तीला मारून बी२चे प्यादे सी३वर आले की पांढऱ्याची प्यादी एकाच फाइलमध्ये दुहेरी होतात, ई४चा राखणदार नाहीसा होतो आणि पांढऱ्याने वजिराच्या बाजूला कॅसलिंग केलेले असेल, तर राजासमोरची भिंतच पडते.

नायडॉर्फ प्रकारात काळा पाचव्या खेळीला ए६ खेळतो. नवख्यांना ती खेळी वाया गेल्यासारखी वाटते. काळ्याला खरे तर ई५ खेळून डी४वरच्या घोड्याला हुसकवायचे असते. ते लगेच केले, तर पांढरा बी५वरून उंटाने शह देतो, घोडा एफ५वर उडी घेतो आणि डी६चे प्यादे अडचणीत येते. ए६मुळे बी५ हे घर आधीच बंद होते. हे ‘का’ ज्याला उमगले, त्याला कमी पाठांतर पुरते. सिसिलियन पाठ केल्याशिवाय खेळताच येत नाही, हा समज त्यामुळे अर्धाच खरा आहे.

पांढरा डी४ खेळेलच, याचीही खात्री नसते. सी३ खेळणारा अलापिन किंवा बी५वर उंट नेणारा रोसोलिमो प्रकार निवडून तो सगळी लढाई शांत करू शकतो. २०१८च्या लंडनमधील जगज्जेतेपदाच्या सामन्यात कारुआनाने कार्लसनविरुद्ध पहिल्या, तिसऱ्या आणि पाचव्या डावात रोसोलिमोच निवडला होता.

धोका मोठा, म्हणून मोठ्या सामन्यात हा बचाव टाळतात, असेही म्हटले जाते. धोका खराच आहे, कारण काळ्याचा राजा कित्येकदा बराच वेळ मध्यभागी अडकून राहतो. तरीही १९९५मध्ये न्यूयॉर्कला झालेल्या जगज्जेतेपदाच्या सामन्यात, नवव्या डावात विश्वनाथन आनंदने कास्पारोव्हचा सिसिलियन फोडला, तेव्हा कास्पारोव्हने तो बचाव सोडला नाही. त्याने त्यातलाच ड्रॅगन हा आणखी धारदार प्रकार बाहेर काढला आणि अकरावा व तेरावा हे दोन्ही डाव काळ्या मोहऱ्यांनी जिंकले.