चिकनचा कुर्ता आणि एक दिवा

पांढऱ्या मलमलीवर पांढऱ्या दोऱ्याचं भरतकाम, ते घातलेली मॉडेल आणि तिच्या थेट समोर रिंग लाइट. लखनौमध्ये चिकनचे कपडे ऑनलाइन विकणाऱ्या छोट्या विक्रेत्यांचं शूट बऱ्याचदा असं सुरू होतं आणि तिथेच फसतं. उजेड कॅमेऱ्याच्याच बाजूने येत असल्याने टाक्याची सावली टाक्यामागेच दडते. सावली नाही तर उठाव नाही. महिनाभर खपून भरलेला कुर्ता इस्त्री केलेल्या चादरीसारखा सपाट दिसतो.

चिकनचा जुना बाजार म्हणजे चौक आणि अमीनाबाद. निशातगंज हा भाग मात्र गोमती नदीच्या दुसऱ्या तीरावर आहे. तिथल्या एका गल्लीत, घराच्या पुढच्याच खोलीत असं एक शूट चाललं होतं. मी मदतीला होतो. खोली लहान, छत बुटकं, भिंतींना फिकट हिरवा रंग. भिंतीवर आपटून परतणारा उजेड तोच हिरवा रंग घेऊन येतो आणि पांढरा कपडा तो लपवत नाही. त्यात वर निळसर ट्यूब, कोपऱ्यात पिवळा बल्ब आणि खिडकीतून ऊन. एक बाही निळी, दुसरी पिवळी. कुठलाही दिवा विकत आणण्याआधी आम्ही ट्यूब आणि बल्ब बंद केले, खिडकीला जाड पडदा लावला आणि भिंतीवर पांढरी चादर टांगली. खर्च शून्य.

मग साठ वॅटचा एकच एलईडी दिवा मॉडेलच्या बाजूला, कॅमेऱ्याशी जवळजवळ काटकोनात ठेवला. त्याच्यापुढे दोरीवर पातळ सुती कापड ताणलं. दिवा किती मोठा यापेक्षा उजेड देणारा पृष्ठभाग मॉडेलच्या किती जवळ आणि किती मोठा, यावर सावलीचा मऊपणा ठरतो. छायालेखक सुब्रत मित्रांनी ‘अपराजितो’ या चित्रपटासाठी (१९५६) बनारसच्या घराचा सेट उजळताना वर कापड ताणून त्यावरून दिव्यांचा उजेड परतवला होता. म्हणजे युक्ती जुनी आहे आणि कापड अजूनही स्वस्त आहे.

दिवा समोरून त्या जागी सरकत गेला तशी आधी मुर्री दिसू लागली, तांदळाच्या दाण्यासारखा तो उंच टाका. मग फंद्याचे बारके गोल टाके. जाळीचं मात्र याने भागत नाही. तिथे सूत न कापता बाजूला सारून छिद्रं पाडलेली असतात, ती दिसायला मागून उजेड लागतो. कपड्याच्या उलट बाजूने भरलेल्या बखियाचंही तसंच. त्यासाठी मागे घरचाच नऊ वॅटचा बल्ब लावला. पांढरा, मुख्य दिव्याच्या रंगाशी जुळणारा.

आता खरी अडचण. जो आडवा उजेड टाका उठवतो तोच चेहऱ्यावरचा प्रत्येक फोडही उठवतो. कापड विकायचं तर चेहरा बिघडतो, चेहरा जपायचा तर कापड मरतं. यावर थर्माकोलचा पांढरा तक्ता अंधाऱ्या बाजूला, गालापासून हातभर अंतरावर धरला. अनुभवी मॉडेलला उजेड कुठल्या गालावर आहे हे सांगावं लागत नाही. तिने हनुवटी दिव्याकडे वळवली, धड कॅमेऱ्याकडेच ठेवलं आणि निम्मं काम झालं.

उरलेलं निम्मं फोनच्या कॅमेऱ्याने अडवलं. समोर एवढं पांढरं दिसलं की फोन आपणहून चित्र काळपट करतो आणि चेहरा अंधारात जातो. कृष्णधवल सिनेमाच्या काळात पांढरे कपडे चहाच्या पाण्यात बुडवून मळकट करत असत. विकायच्या कुर्त्याला चहा कसा लावणार? आम्ही दिवा वर चढवला आणि त्याच्या खालच्या भागापुढे काळा पुठ्ठा धरला. कुर्त्यावरचा उजेड उतरला, चेहऱ्यावरचा राहिला. मग फोनचं एक्स्पोजर लॉक केलं.

पंखा बंदच ठेवावा लागला, नाहीतर ताणलेलं कापड हलतं आणि उजेडही डुलतो. जुना हजार वॅटचा हॅलोजन असता तर त्या खोलीत हीटरच लावल्यासारखं झालं असतं आणि मेकअप पहिल्या फेरीतच ओघळला असता.

पैसे मोजायचेच असतील तर वॅटसाठी नव्हे, सीआरआयसाठी, म्हणजे त्या उजेडात रंग किती खरे दिसतात याच्या आकड्यासाठी मोजा. ९५ च्या आसपासचा आकडा असेल तर त्वचा मलूल दिसत नाही. घरगुती बल्ब बहुधा ८० वर थांबतात, म्हणून त्यांना पाठीमागेच ठेवावं. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे स्वस्त दिवा सेकंदाला शंभर वेळा लुकलुकतो आणि चित्रात आडवे पट्टे सरकतात. दुकानातच दिवा मंद करून फोनच्या कॅमेऱ्यात बघून घ्या आणि शूटच्या वेळी शटर १/५० किंवा १/१०० वर ठेवा. उरलेल्या पैशांत जड स्टँड आणि वाळूची पिशवी घ्या. रिंग लाइट आधीच घेऊन ठेवला असेल तर तो मेकअपच्या आरशाजवळ लावा, चिकनच्या कुर्त्यासमोर मात्र नको.