उशाशी ठेवलेली उसनी गोळी
छातीत धडधडते म्हणून हृदयाचा आलेख काढावा, तो निर्दोष निघावा आणि 'काही नाही, काळजी करू नका' असे सांगून डॉक्टरांनी रुग्णाची बोळवण करावी, हा आपल्याकडील नित्याचा अनुभव होय. परंतु 'काही नाही' हे निदान नव्हे. ज्याला काही नसते तो पहाटे तीनला घामाघूम होऊन उठत नाही. अशा वेळी एखादा शेजारी आपल्या पट्टीतील अर्धी गोळी देतो. ती रात्र निभावते. आणि खरी अडचण तेथूनच सुरू होते.

ही गोळी बहुधा अल्प्राझोलॅमची असते. १९६० साली लिब्रियम व १९६३ साली व्हॅलियम बाजारात आले, त्याच कुळातील हे औषध. त्वरित आराम देण्याचे त्याचे सामर्थ्य वादातीत आहे आणि घातही त्यातच आहे. काही आठवड्यांतच शरीराला त्याची सवय जडू शकते. मग ते एकाएकी सोडल्यास चिंता अधिकच उसळते, क्वचित झटकेही येतात. म्हणूनच २०१३ मध्ये शासनाने ते 'एच-१' अनुसूचीत घातले. विक्रेत्याने अशा विक्रीची स्वतंत्र वहीत नोंद करून ती ३ वर्षे जपावी, असा दंडक आहे. ओळखीच्या गिऱ्हाइकासाठी ती वही कितीदा उघडते, हे वाचकांस सांगावयास नको.

याउलट एस्सिटॅलोप्रामसारख्या औषधांचा गुण दिसण्यास २ ते ६ आठवडे लागतात. आरंभी अस्वस्थता किंचित वाढतेही. हे आधी कोणी सांगत नाही, आणि रुग्ण आठवड्यातच औषध टाकून देतो. बोलण्यातून व सरावातून होणारा उपचारही असाच सावकाश चालतो. लोकलमध्ये जीव घुसमटतो म्हणून प्रवास टाळणाऱ्यास प्रथम फलाटावर नुसते उभे केले जाते, मग दुपारच्या रिकाम्या गाडीतून एकच स्थानक, मग दोन. भीती शिगेला पोहोचून आपोआप ओसरते, हे त्याला स्वतःच अनुभवावे लागते. प्राणायाम, चालणे, चहा कमी करणे यांचा सौम्य चिंतेत उपयोग आहेच; पण घराबाहेर पडणेच थांबलेल्या माणसाला 'सकारात्मक विचार करा' असे बजावणे ही मला क्रूर थट्टा वाटते.

जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रम १९९६ साली सुरू झाला. २०२२ पासून १४४१६ या क्रमांकावर दूरध्वनीवरून विनामूल्य सल्लाही मिळतो. तथापि प्रत्यक्ष उपचाराच्या दहा-बारा बैठकांसाठी तितक्याच वेळा रोजगार बुडवून, एसटीचे भाडे भरून जिल्ह्याच्या गावी जाणे किती जणांना परवडेल? औषधाचे दुकान मात्र कोपऱ्यावरच असते.