पुढे न्या

रात्री-अपरात्री अत्यवस्थ माणसाला घेऊन तालुक्याच्या रुग्णालयात पोचलेल्यांना हमखास ऐकू येणारे दोन शब्द म्हणजे ‘पुढे न्या’. पुढे म्हणजे सिव्हिलला, आणि सिव्हिलनेही हात वर केले तर आणखी पुढे, मेडिकल कॉलेजला. आपल्याकडे तातडीच्या उपचारांची चर्चा रुग्णवाहिकेपासून सुरू होते आणि बहुधा रुग्णवाहिकेपाशीच संपते. नवी गाडी आली की नारळ फुटतो, हिरवा झेंडा हलतो, फोटो छापून येतो. पण ती गाडी ज्या दारात थांबते, त्या दाराच्या आत काय आहे, हे कोणी विचारत नाही. या साखळीतली सर्वांत कच्ची कडी म्हणजे ते पहिले दार. ते पक्के करायला फार मोठा पैसा किंवा फार मोठी विद्वत्ता लागत नाही. लागते ती रोजची, कंटाळवाणी शिस्त.

जुलै १९९२ मध्ये पश्चिम बंगालमधला एक शेतमजूर आगगाडीतून पडला. डोक्याला जबर मार होता. आधी प्राथमिक आरोग्य केंद्र झाले, मग कोलकात्यातली एकामागून एक सरकारी रुग्णालये. कुठे सोय नव्हती, कुठे खाट रिकामी नव्हती. शेवटी त्याच्यावर उपचार झाले ते खासगी रुग्णालयात, स्वतःच्या खर्चाने. खेतमजदूर समितीने लढवलेल्या या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९९६ मध्ये निकाल दिला, की सरकारी रुग्णालयाने वेळेवर उपचार न देणे हा घटनेच्या २१व्या कलमाने दिलेल्या जगण्याच्या हक्काचा भंग आहे. पैसा नाही ही सबब चालणार नाही, हेही बजावले. पण या निकालातला खरा मोलाचा भाग वेगळाच आहे. प्राथमिक केंद्रातच रुग्णाला सावरता येईल इतकी सोय, जिल्हा आणि तालुका पातळीवरच्या रुग्णालयांची सुधारणा, कुठे खाट रिकामी आहे हे कळवणारी मध्यवर्ती यंत्रणा, साधनांनी आणि माणसांनी सज्ज रुग्णवाहिका, असा आराखडाच न्यायालयाने त्यात मांडून ठेवला आहे. जागतिक आरोग्य सभेने तातडीच्या सेवांवर पहिला ठराव केला तो २००७ मध्ये, म्हणजे त्यानंतर ११ वर्षांनी. अक्कल उसनी आणायची गरज आपल्याला नव्हतीच.

आपण आणली ती गाडी. २००५ मध्ये हैदराबादेतून १०८ क्रमांकाची सेवा सुरू झाली आणि राज्याराज्यांत पसरली. महाराष्ट्रात २०१४ मध्ये ९३७ रुग्णवाहिका आल्या. हे काम लहान नाही. भाड्याच्या जीपने किंवा टेम्पोत घालून माणसे नेण्याचे दिवस त्यामुळे बरेच मागे पडले. पण नीती आयोग आणि ‘एम्स’ यांनी देशभरातल्या रुग्णालयांची पाहणी करून २०२१ मध्ये जो अहवाल दिला, तो डोळ्यांत अंजन घालणारा आहे. पाहिलेल्या रुग्णालयांपैकी ९१ टक्क्यांकडे स्वतःची रुग्णवाहिका होती, पण तिच्यासोबत जाणारे प्रशिक्षित कर्मचारी होते फक्त ३४ टक्क्यांकडे. तातडीच्या रुग्णांसाठी राखलेल्या खाटा एकूण खाटांच्या ३ ते ५ टक्के. मोटार वाहन कायद्यात २०१९ मध्ये ‘गोल्डन अवर’ची व्याख्याही आली : इजा झाल्यानंतरचा एक तास. दोनदा ‘पुढे न्या’ ऐकलेल्या माणसाचा तो तास रस्त्यातच सरतो.

पहिले दार पक्के असले की काय होते, याचा दाखला शोधायला परदेशी जायला नको. कोकणात लाल विंचवाच्या दंशाने माणसे, विशेषतः मुले, दगावत. दवाखान्यात पोचलेल्यांतही मृत्यूचे प्रमाण ३० टक्क्यांच्या घरात होते. रायगड जिल्ह्यात आधी सरकारी नोकरीत आणि मग महाडला काम करणाऱ्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी रुग्णांच्या उशाशी बसून या विषाची चाल टिपली. विष रक्तदाब भडकवते, हृदय थकते, फुप्फुसात पाणी भरते. रक्तदाबावरची प्राझोसिन नावाची स्वस्त गोळी वेळेत दिली तर ही साखळी तुटते, हे त्यांनी दाखवले आणि मृत्यू १ टक्क्याच्या आसपास आले. त्यासाठी ना अतिदक्षता विभाग लागला, ना हेलिकॉप्टर. २०२२ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. त्याहून मोठी गोष्ट ही, की तो उपचार कुठल्याही आरोग्य केंद्रातल्या डॉक्टरला करता येतो. सर्पदंशाचे गणित मात्र अजून सुटलेले नाही. भारतात २००० ते २०१९ या काळात सर्पदंशाने वर्षाला सरासरी ५८ हजार माणसे गेली, असा एका मोठ्या अभ्यासाचा अंदाज आहे. प्रतिविषाची कुपी फ्रिजमध्ये असते, पण ते देताना रुग्णाला ‘रिअॅक्शन’ आली तर काय, या धास्तीने डॉक्टर हात आखडता घेतो. रिअॅक्शनवरचा उतारा म्हणजे अॅड्रेनालिनचे इंजेक्शन, जे त्याच कपाटात असते. नागदंशाने श्वास मंदावला तर फुगा दाबत श्वास देत राहता येतो. म्हणजे औषध आहे, साधन आहे. ‘मी हे करू शकतो’ हा सराव नाही.

यावर तज्ज्ञांची वाण पुढे केली जाते. आपत्कालीन वैद्यकाची एमडी पदवी देशात मान्य झाली २००९ मध्ये. तालुक्या-तालुक्याला तसा तज्ज्ञ मिळायला पिढी जाईल, हे खरेच. पण पहिल्या तासात लागणारी बहुतेक कामे तज्ज्ञाची नाहीत : श्वासमार्ग मोकळा करणे, वाहते रक्त दाबून धरणे, बाळंतिणीला ऑक्सिटोसिन देणे, केस पेपरच्या क्रमाने न बघता जो अधिक गंभीर त्याला आधी घेणे. ती साध्या माणसांनाही शिकवता येतात : अमेरिकेत पिट्सबर्गला १९६७ मध्ये बेरोजगार कृष्णवर्णीय तरुणांना शिकवून उभी केलेली ‘फ्रीडम हाउस’ सेवा तिथल्या आधुनिक पॅरामेडिक पद्धतीची पायवाट ठरली.

दुसरा आक्षेप अधिक वजनाचा. गरीब देशाने पैसा प्रतिबंधावर घालावा, लसी, पाणी, पोषण यांवर. तातडीचे उपचार ही श्रीमंतांची चैन. पण लोक आरोग्य केंद्राची पारख लसीकरणाच्या दिवशी करत नाहीत. घरातल्या पोराला साप चावल्याच्या रात्री करतात. त्या रात्री दार बंद दिसले की दिवसाच्या सल्ल्यांवरचाही विश्वास उडतो. जागतिक आरोग्य सभेने २०१९ च्या ठरावात तातडीची सेवा सार्वत्रिक आरोग्यसेवेशी जोडली ती उगीच नाही.

उरतो पैशाचा प्रश्न, आणि इथे खासगी डॉक्टरांची तक्रार मी उडवून लावणार नाही. आधी पैसे न मागता तातडीचे उपचार द्या, असे सांगणारा आरोग्यहक्काचा कायदा राजस्थानने २०२३ मध्ये केला, तेव्हा डॉक्टरांनी पंधरवडाभर संप केला. खर्च कोण, कधी, किती देणार, हे त्यांचे विचारणे रास्त होते. तामिळनाडूने त्याचे उत्तर आधीच, २०२१ मध्ये दिले होते : रस्ते अपघातातल्या कोणाही जखमीचे पहिल्या ४८ तासांचे ठरावीक उपचार सरकारी खर्चाने, सुरुवातीला १ लाख रुपयांपर्यंत. केंद्राची योजना २०२५ मध्ये आली, ७ दिवस आणि दीड लाखाची, तीही सर्वोच्च न्यायालयाने कान धरल्यावर. योजना चांगली, पण ती फक्त रस्ते अपघातासाठी. मोटारीने उडवले तर एक वही आणि फुरशाने चावले तर दुसरी, हा भेद कारकुनी आहे. शरीराला तो कळत नाही.

आपल्या तालुक्याच्या रुग्णालयाला रुग्ण कल्याण समिती असते. तिच्या सदस्यांना गाठून तीन गोष्टी विचारा : रात्री दोन वाजता तिथे कोण असते, प्रतिविषाच्या किती कुप्या आहेत, आणि गेल्या महिन्यात किती जणांना, कशासाठी ‘पुढे न्या’ म्हटले गेले. तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर लेखी मागा.