गोषाआडचा खून, वकीलबाईंचा तपास

मलबार हिलवरच्या एका बंगल्यात खून होतो. घरात एका गिरणीमालकाच्या तीन विधवा, तिघीही गोषात. परपुरुषासमोर येणं नाही, त्याच्याशी बोलणं नाही. पोलीस दारात उभे आहेत, पण जबानी घ्यायची कोणाची आणि कशी? साल 1921. मुंबईच्या पोलीस खात्यात तेव्हा एकही बाई नाही.

सुजाता मॅसी यांच्या पर्वीन मिस्त्री मालिकेची ही सुरुवात. 'द विडोज ऑफ मलबार हिल' ही पहिली कादंबरी 2018 साली आली; भारतात ती 'अ मर्डर ऑन मलबार हिल' या नावाने निघाली. ऑक्सफर्डला कायदा शिकलेली पर्वीन फोर्टात ब्रूस स्ट्रीटवर, म्हणजे आजच्या होमी मोदी स्ट्रीटवर, वडील जमशेदजींच्या पेढीत काम करते. एक कागद तिच्या हाती येतो: तिन्ही विधवांनी आपला सगळा वाटा एका धर्मादाय संस्थेला देऊन टाकला आहे. त्यातल्या एकीची सही म्हणजे नुसती फुली. जिला कागद वाचता येत नाही, तिने तो समजून दिला असेल का? ही शंका घेऊन पर्वीन बंगल्यावर जाते, आणि पुढे प्रकरण खुनापर्यंत पोचतं.

आतून कडी लावलेली खोली हा रहस्यकथांचा जुना हुकमी एक्का. मॅसींना कडीची गरज पडत नाही, रिवाजच दार बंद करतो. शिवाय त्या मुंबईत घर बदललं की कायदाही बदलायचा. मुसलमान घरात मेहेर आणि वक्फ. पारशी घरात 1865चा विवाह आणि घटस्फोटाचा कायदा, ज्यात नवऱ्याचं वेश्येकडे जाणं एवढ्यावर बायकोला घटस्फोट मिळत नसे. पर्वीन स्वतः याच कायद्यात अडकली आहे. कलकत्त्यातल्या सासरहून ती परत आली, विभक्त राहण्याची मुभा मिळाली, पण लग्न काही सुटलं नाही. दुसऱ्यांच्या कागदांतल्या फटी शोधणाऱ्या या बाईला स्वतःच्या कागदात फट सापडत नाही. मालिकेतलं सगळ्यात चिवट रहस्य हेच, आणि त्यात प्रेत नाही.

पर्वीन हवेतून आलेली नाही. तिच्यामागे दोन खऱ्या बायका आहेत. कॉर्नेलिया सोराबजी नाशिकला 1866 साली जन्मल्या, पुण्यात वाढल्या, डेक्कन कॉलेजात शिकल्या. परीक्षेत त्या पहिल्या आल्या, पण त्या निकालावर विलायतेला जाण्यासाठी मिळणारी शिष्यवृत्ती मुलीला देता येत नाही म्हणून नाकारली गेली. हितचिंतकांनी पैसे उभे केले तेव्हा कुठे त्या ऑक्सफर्डला पोचल्या. 1892 साली त्यांनी तिथली कायद्याची परीक्षा दिली. पदवी मात्र हातात पडली 1922मध्ये. तीस वर्षं! मधल्या काळात 1904पासून त्यांनी बंगालच्या कोर्ट ऑफ वॉर्ड्समध्ये गोषातल्या राण्या, जमीनदारिणी आणि पोरक्या वारसांची शेकडो प्रकरणं हाताळली. मुखत्याराने लुबाडलेली विधवा, इस्टेटीवरून जिवावर बेतलेला बालवारस हे त्यांचं रोजचं काम होतं. मालिकेतलं दुसरं पुस्तक 'द सातापूर मूनस्टोन' याच वळणाचं आहे. सह्याद्रीतलं एक काल्पनिक संस्थान, तिथल्या सासू-सून महाराण्या, आणि छोट्या युवराजाच्या शिक्षणावरून जुंपलेलं भांडण.

दुसऱ्या मिठन टाटा. आई हेराबाईंबरोबर 1919 साली लंडनला जाऊन त्यांनी भारतीय स्त्रियांच्या मताधिकाराची बाजू मांडली, तिथेच बॅरिस्टर झाल्या आणि 1924मध्ये मुंबई हायकोर्टात वकिली करणाऱ्या पहिल्या बाई ठरल्या. म्हणजे 1921ची सॉलिसिटर पर्वीन ही लेखिकेने घेतलेली सूट. इतिहासाला तिने तीनेक वर्षांनी मागे टाकलं आहे. बाकी तपशिलाबाबत मॅसी इतक्या काटेकोर आहेत की एवढी सूट त्यांना द्यायला हरकत नाही.

आणि ती मुंबई! मलबार हिलवरून खाली पाहिलं तर मरीन ड्राइव्ह नाही, आहे नुसता समुद्र. गेटवे ऑफ इंडियाचं काम अपुरं, ते 1924 साली पुरं झालं. ट्राम विजेवर धावते, लोकल अजून वाफेवर. 17 नोव्हेंबर 1921ला प्रिन्स ऑफ वेल्स अपोलो बंदरावर उतरला, त्याच दिवशी काँग्रेसचा बहिष्कार होता आणि शहर पेटलं. स्वागताला गेलेल्या पारशांवर जमावाने हात टाकले, गांधीजींनी शांततेसाठी उपास धरला. 'द बॉम्बे प्रिन्स' ही तिसरी कादंबरी नेमकी त्या दिवशी एका पारशी विद्यार्थिनीच्या मृत्यूने सुरू होते. दंगलीत कोणाला खून दिसतो? इतिहास इथे पडद्यासारखा मागे टांगलेला नाही, तो पुरावाच पुसून टाकतो.

लालबाग-परळचा वाचक मात्र थोडा रुसेल. गिरणीमालकाचा बंगला खोलीगणिक दिसतो, गिरणीचा भोंगा क्वचितच ऐकू येतो. वास्तविक 1919च्या जानेवारीत लाखाहून जास्त गिरणी कामगार संपावर होते, आणि पुढच्याच वर्षी निघालेलं बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंट समुद्रात भराव आणि वरळी-नायगावात चाळी अशी दोन्ही कामं अंगावर घेत होतं. त्या चाळींत रहस्याचा तुटवडा नव्हता. 'द मिस्ट्रेस ऑफ भाटिया हाउस' या चौथ्या पुस्तकात ही कसर काहीशी भरून निघते. तिथे आरोपी आहे एक आया, आणि आरोप गर्भपाताचा. दंड संहितेचं 312वं कलम गर्भ पाडणाऱ्या बाईलाही गुन्हेगार ठरवत होतं, त्यामुळे पर्वीनची विद्वत्ता इथे फारशी कामी येत नाही.

जुन्या मुंबईवर हात टाकणाऱ्या मॅसी एकट्या नाहीत. 1891 साली राजाबाई टॉवरवरून पडून दोन पारशी तरुणींचा मृत्यू झाला. त्या खऱ्या घटनेवर नेव्ह मार्च यांनी 'मर्डर इन ओल्ड बॉम्बे' रचली. वसीम खान यांची पोलीस इन्स्पेक्टर पर्सिस वाडिया 1949च्या शेवटच्या रात्री कामाला लागते, प्रजासत्ताक यायला महिनाही उरलेला नसताना. 'मिडनाइट अ‍ॅट मलाबार हाउस'ला 2021चा ब्रिटनमधला 'हिस्टॉरिकल डॅगर' पुरस्कारही मिळाला. पर्सिसकडे हुद्दा आहे, गणवेश आहे; तिला अडवतात ते सहकारी. पर्वीनला अडवतो तो कायदा.

भाटिया हाउसचं प्रकरण घडतं 1922मध्ये. रेजिना गुहा यांना बाई म्हणून वकिलीची सनद देता येणार नाही, असा निकाल कलकत्ता हायकोर्टाने 1916 साली दिलेला होता. बायकांना वकिलीची मुभा देणारा देशभराचा कायदा झाला 1923 साली. तोवर पर्वीनने अशील समजावायचा, कागद तयार करायचे, साक्षीदार हुडकायचे, आणि न्यायाधीशांसमोर उभं राहून बोलायचं ते जमशेदजींनी.