परसत्तेखालील प्रजा : लेखांक चौथा – गडकऱ्यांच्या जमिनी

जपानने १९०५ मध्ये कोरिया देश आपल्या संरक्षणाखाली घेतला, १९०७ मध्ये सम्राट कोजोंग यांस गादी सोडावयास लावली आणि त्याच वर्षी त्या देशाची फौज बरखास्त केली. तेव्हा पोट आणि अब्रू या दोहोंसही मुकलेले कित्येक शिपाई डोंगराळ मुलखातील सशस्त्र जथ्यांस जाऊन मिळाले, हे आपण गेल्या खेपेस पाहिले. करवीरच्या वाचकाने ही हकीकत परमुलखाची समजू नये. कारण तिच्या त्रेसष्ट वर्षे आधी, १८४४ मध्ये, तिचीच एक आवृत्ती आपल्या गडांवर घडून गेली आहे.

छत्रपती शहाजी ऊर्फ बुवासाहेब १८३८ मध्ये निवर्तले, गादीवर अल्पवयी बाबासाहेब आले, आणि दरबारातील अव्यवस्थेचे निमित्त होऊन इंग्रज सरकारने दाजी कृष्ण पंडित यांस कारभारी नेमले. त्यांची व्यवस्था दफ्तरी नजरेस निर्दोषच दिसते. मुलखाचा वसूल मामलेदाराकडे, तर गडांस लावून दिलेल्या जमिनींचा अंमल निराळ्या कामगारांकडे, असा जो दुहेरी कारभार चालत आला होता तो मोडून पंडितांनी सर्व जमिनी एका मामलेदाराच्या हाताखाली आणल्या.

परंतु पिढ्यान्‌पिढ्या गडाचा पहारा करावा आणि त्याबद्दल गडाखालची जमीन खावी, एवढ्याच करारावर ज्याचे घर उभे होते त्या गडकऱ्याने याचा अर्थ निराळा लावला : आज अंमल गेला, उद्या जमीन खालसा होणार! सामानगड व भुदरगड येथील गडकऱ्यांनी दरवाजे लावून घेतले. हे लोण पन्हाळ्यापर्यंत पोहोचले आणि साताऱ्याकडील कर्नल ओव्हन्स यांस बंडवाल्यांनी तेथे कैदेतही ठेवले. इंग्रजी फौजांनी ऑक्टोबरात सामानगड आणि १ डिसेंबरास पन्हाळा घेतला. पुढे वंशपरंपरेची शिबंदी मोडण्यात आली, गडांचे दरवाजे व तट पाडण्यात आले आणि मोहिमेचा खर्च करवीर दरबाराच्याच नावे मांडण्यात आला. कोल्हापुराहून पन्हाळ्यास जाणारी मोटार आज जेथून गडावर शिरते, तेथील चार दरवाजा याच वेळी जमीनदोस्त झाला.

या दोन्ही प्रसंगांत एक भेद मात्र महत्त्वाचा आहे. कोरियात १९१० नंतर राजसत्ताच नाहीशी झाल्यामुळे गाऱ्हाणे कोणाविरुद्ध करावयाचे, याविषयी तेथील प्रजेस संदेह उरला नाही. येथे गादी कायम, शिक्का छत्रपतींचा, कारभारी आपल्यापैकीच; आणि त्यांचा हुकूम मोडताच तोफा मात्र कंपनीच्या! रयतेचा रोष देशी कारभाऱ्याने झेलावा आणि सत्तेचे फळ परक्याने चाखावे, ही सोय संस्थानी व्यवस्थेत पुढे शंभर वर्षे टिकली. आपल्या धन्याशी बेइमानी न करता त्याच्या मालकाशी भांडावे कसे, हा गडकऱ्यापुढचा पेच होता, आणि त्याला उत्तर सापडले नाही.

कोरियन कुळापुढे हा पेच नव्हता. त्याच्या बांधावर जपानी अंमलदारच मोजणीस उभा राहिला. १९१० ते १९१८ या काळातील त्या मोजणीचा विचार पुढील लेखांकात करू.